स्विफ्टला मोठे टायर टाकले तर पिकअप, अ‍ॅव्हरेज आणि घाटाचं काय?

वारजेकर:

नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट १.२ पेट्रोल, मॅन्युअल, २०१९ चं व्हीएक्सआय मॉडेल. टायर कंपनीचेच १६५/८० आर१४, साधी स्टीलची रिम. आता टायर गोटा व्हायला आलेत, पावसाळ्याआधी चारही बदलायचे आहेत.

रोजचा रस्ता वारजे ते हिंजवडी, म्हणजे चांदणी चौक, बाणेर, वाकड आणि सकाळ-संध्याकाळची रांग. अधूनमधून घरच्यांना घेऊन वाईला, तेव्हा खंबाटकी घाट, पाच माणसं, डिकी भरलेली आणि एसी चालू.

दुकानांत चार पर्याय सांगितले. १५ इंची अलॉयवर १८५/६५ आर१५. त्याच १५ इंची रिमवर २०५/६५ आर१५, का तर ‘गाडी उंच होईल, स्पीड ब्रेकरला घासणार नाही’. दिसायला म्हणून १६ इंचीवर १९५/५५ आर१६. आणि एकाने आहे त्याच रिमवर १७५/६५ आर१४ सुचवला, ‘स्वस्त पडेल, पिकअपही वाढेल’ म्हणून.

कोणी म्हणतं मोठ्या रिमने गाडी मरते, कोणी म्हणतं काही फरक पडत नाही. पिकअप, अ‍ॅव्हरेज, स्पीडोमीटर आणि घाटातली ओढ यांवर नेमका किती परिणाम होतो, ते आकड्यांसकट कोणी सांगेल का?

फायनलड्राइव्ह:

आधी दोन गोष्टी वेगळ्या करून घ्या. रिम किती इंची आहे याचा गियरिंगशी (म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात गाडी किती सरकते याच्याशी) थेट संबंध नाही. संबंध आहे तो टायरसकट चाकाच्या पूर्ण व्यासाशी. १६ इंची रिमवर बुटका टायर चढवला तर गियरिंग जिथल्या तिथे राहतं, आणि १५ इंचीवर जाड बाजूचा टायर चढवला तर बदलतं. दोघांचं ऐकून तुमचा गोंधळ होतोय तो इथेच.

व्यास काढायचा असा. १६५/८० आर१४ मध्ये टायरची रुंदी १६५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिमी, आणि रिम १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी. बाजू रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून १३२ दोनदा धरायचे. बेरीज ६१९.६ मिमी. हा तुमचा मूळ आकडा.

आता दुकानदारांचे पर्याय. १८५/६५ आर१५ येतो ६२१.५ मिमी, म्हणजे जेमतेम ०.३ टक्के जास्त. १९५/५५ आर१६ येतो ६२०.९, तोही मुळाइतकाच. २०५/६५ आर१५ मात्र ६४७.५, म्हणजे साडेचार टक्के मोठा. आणि १७५/६५ आर१४ आहे ५८३.१, जवळपास सहा टक्के लहान. म्हणजे चारपैकी दोन पर्याय गियरिंगला धक्काही लावत नाहीत आणि दोन चांगलाच लावतात.

गियरबॉक्सच्या हिशेबाने चाक हाच शेवटचा गियर. इंजिनाचे फेरे आधी गियरमध्ये कमी होतात, मग फायनल ड्राइव्हमध्ये (गियरबॉक्सनंतरची दातेरी चाकांची शेवटची जोडी), आणि शेवटी चाकाच्या एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते ते व्यास ठरवतो. चाक साडेचार टक्के मोठं केलं की प्रत्येक गियर तेवढाच लांब होतो, म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त सरकते पण ओढ कमी होते, पहिल्यापासून रिव्हर्सपर्यंत. उदाहरणासाठी फायनल ड्राइव्ह ४.१ धरा. २०५/६५ चढवणं म्हणजे ते काढून ३.९२ चं बसवण्यासारखं आहे. तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. टक्केवारी मात्र हीच राहील.

पाचव्या गियरचा रेशो ०.७६ धरला तर ताशी १०० ला मूळ टायरवर इंजिन साधारण २६७० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरतं. २०५/६५ वर ते २५५० च्या आसपास येतं आणि १७५/६५ वर २८३५ पर्यंत चढतं. सपाट हायवेवर हे १२० फेरे कमी झाले तर ऐकायला बरं वाटतं. त्याची किंमत चढावर आणि शहरात मोजावी लागते.

(गाडीच्या वजनाने टायर दबतो, त्यामुळे प्रत्यक्षात फिरणारा घेर या हिशेबापेक्षा दोन-तीन टक्के कमी भरतो. दोन्ही टायर साधारण सारखेच दबतात, म्हणून तुलनेत ते सोडून दिलं तरी चालतं.)

घाटरस्ता:

वरचं गणित बरोबर आहे. पण साडेचार टक्के ऐकून ‘एवढ्याने काय होतंय’ असं वाटू शकतं, म्हणून खंबाटकीचा हिशेब मांडतो. घाटात माणसाला जाणवतो तो एकूण रेटा नव्हे, चढ आणि वारा यांना देऊन जो उरतो तो.

पाच माणसं आणि सामान धरून गाडी १२५० किलो. चढ ८ टक्के. म्हणजे नुसतं गुरुत्व गाडीला मागे खेचतं ते १०० किलोने. टायरचं लोळण घर्षण वजनाच्या १.३ टक्के धरा, ते १६ किलो. ताशी ६० ला वाऱ्याचा विरोध साधारण ११ किलो. वेग नुसता टिकवायलाच १२७ किलोचा रेटा हवा.

आता इंजिन देतं किती? तिसऱ्या गियरमध्ये ताशी ६० ला इंजिन २७०० च्या आसपास असतं. या इंजिनाचा कमाल टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११३ न्यूटन मीटर आहे, पण तो ४००० च्या वर येतो, म्हणून इथे १०५ धरू. तिसरा गियर १.२८, फायनल ४.१, गियरबॉक्समध्ये १० टक्के खर्ची पडतात. चाकावर ४९६ न्यूटन मीटर पोचतात. मूळ टायरची त्रिज्या ०.३१ मीटर, म्हणून जमिनीवर रेटा १६३ किलो. २०५/६५ ची त्रिज्या ०.३२४, तिथे १५६ किलो.

१६३ मधून १२७ गेले, ३६ उरले. १५६ मधून १२७ गेले, २९ उरले. टायर साडेचार टक्के मोठा, पण घाटात वेग वाढवायला उरलेली ताकद जवळपास वीस टक्के कमी. एसीचा कॉम्प्रेसर चालू असेल तर उरलेल्या आकड्यातून अजून काही किलो जातात आणि तफावत आणखी टोचते. म्हणूनच ‘सपाटीला काही कळत नाही, घाटात गाडी मरते’ असं लोक सांगतात. वाढवून सांगतात असं वाटतं, पण गणित त्यांच्या बाजूने आहे.

सेकंडला टाकलं की रेटा जवळपास दीडपट होतो, गाडी चढेलच. पण ताशी ६० ला इंजिन ४००० च्या घरात जाईल. जिथे पूर्वी थर्ड पुरायचा तिथे सेकंडला यावं लागणं, हा तुमचा खरा तोटा. सिंहगडाच्या रस्त्यावर हीच गोष्ट एक गियर खाली घडते: सेकंडवरून फर्स्ट.

आणि हिंजवडीची रांग विसरू नका. पहिल्या गियरमध्ये, क्लच पूर्ण सोडलेला, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, अशी गाडी आयडलवर मूळ टायरला ताशी ६.१ च्या वेगाने सरकते. २०५/६५ वर तोच वेग ६.४ होतो. पुढची रांग त्याहून हळू असेल तर तुम्हाला हाफ क्लच द्यावा लागतो. गियर लांब झाला की प्रत्येक सुटकेला क्लच जास्त वेळ घसरतो आणि क्लच प्लेट तापते. चढावर थांबून पुन्हा उचलताना तर सगळ्यात जास्त. रोज वाकड पुलाखालून जाणाऱ्या माणसाने पिकअपआधी याचा विचार करावा.

वारजेकर:

खूप आभार, इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. मग २०५/६५ बाद. पण १९५/५५ आर१६ चा व्यास तर मुळाइतकाच आहे. म्हणजे १६ इंची घेतली तर काहीच तोटा नाही?

सस्पेन्शन_संदीप:

गियरिंगचा तोटा नाही. बाकीचे आहेत.

पहिला वजनाचा. १४ इंची स्टील रिम आणि १६५ चा टायर मिळून एक चाक साधारण १४ किलोच्या आसपास भरतं. बाजारातली स्वस्त १६ इंची ओतीव अलॉय आणि १९५ चा टायर मिळून १८ पर्यंत सहज जातं. अलॉय म्हणजे हलकी, हे सरसकट खरं नाही. घेण्याआधी दुकानात रिम आणि टायर दोन्ही वजनकाट्यावर ठेवायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

फिरतं वजन स्थिर वजनाच्या चारपट-आठपट लागतं असं नेटवर वाचायला मिळतं. ते चूक आहे. फिरणाऱ्या वस्तूला पुढेही ढकलायचं असतं आणि फिरवायचंही असतं, म्हणून तिचा भार वाढतो. पण सगळं वजन अगदी टायरच्या बाहेरच्या कडेला असलं तरी तो जास्तीत जास्त दुप्पट होतो, त्यावर नाही. चार चाकांत मिळून १६ किलो वाढले तर वेग घेताना ते फार तर ३२ किलोसारखे वाटतील. गाडीत एक शाळकरी मूल जास्त बसल्यासारखं. भरलेल्या गाडीत अडीच टक्के. आणि घाटात एकाच वेगाने चढत असाल तर फिरण्याचा भाग लागूच होत नाही, नुसते १६ किलो उरतात. म्हणजे पिकअपसाठी १६ इंची वाईट, पण २०५/६५ इतकी नाही.

दुसरा तोटा माझ्या मते जास्त गंभीर. १६५/८० ची बाजू १३२ मिमी उंच आहे, १९५/५५ ची १०७. खड्ड्याच्या धारेवर आदळल्यावर रिमपर्यंत दणका पोचायच्या आधी टायरला दबायला २५ मिमी जागा कमी. आपल्याकडे खोदकामानंतर रस्त्यावर राहिलेली डांबराची धार आणि वर आलेली चेंबरची झाकणं दोन्ही भरपूर. होतं काय, तर टायरची बाजू रिमची कड आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटली जाते आणि आतले दोरे तुटतात. मग बाजूला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच. पंक्चरवाला काहीही म्हणाला तरी हायवेला न्यायचा नाही. रिम वाकली तर स्टीलची ठोकून सरळ होते. अलॉय तापवून सरळ करून देणारे आहेत, पण तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये.

रुंदीचंही सांगतो. १६५ वरून १९५ ला गेलं की कोरड्या रस्त्यावर पकड आणि वळणातला भरवसा वाढतो, ते खरं. पण साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, कारण त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि जमिनीवरचा दाब विभागला जातो. पावसाळ्यात सर्व्हिस रोडला पाणी साचतं तिथे ताशी ७०-८० ला हा फरक जाणवतो. लोळण घर्षणही टायरच्या बनावटीप्रमाणे थोडं वाढू शकतं, अ‍ॅव्हरेज त्यातूनच खाली येतं.

फायनलड्राइव्ह:

१७५/६५ आर१४ बद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो, कारण दुकानात हा फार सुचवला जातो. हा टायर लहान आहे म्हणून गियर आखूड होतात आणि पिकअप वाढल्यासारखा वाटतो. दुकानदार त्याबाबत खोटं बोलत नाही. न सांगितलेला भाग हा, की व्यास साडेछत्तीस मिमीने घटतो म्हणून गाडी १८ मिमी खाली बसते. स्पीड ब्रेकरची ज्याला धास्ती आहे त्याने हा टायर घेऊच नये. हायवेला इंजिन सतत १७० फेरे जास्त फिरतं, आवाज वाढतो आणि किलोमीटर प्रत्यक्षाहून जास्त नोंदले जातात. शिवाय तुमची मूळ स्टेपनी सहा टक्के मोठी ठरते, त्यावर खाली लिहीन.

आहे त्याच १४ इंची रिमवर थोडा रुंद टायर हवा असेल तर १८५/७० आर१४ बघा. व्यास ६१४.६, म्हणजे मुळापेक्षा एका टक्क्याहूनही कमी फरक. पाच इंच रुंदीच्या रिमवर तो बसतो.

मीटर_रीडिंग:

स्पीडोमीटर आणि अ‍ॅव्हरेजचा प्रश्न राहिला.

गाडीला चाकाचा व्यास माहीत नसतो. सेन्सर फेरे मोजतो आणि कंपनीने भरलेल्या घेराने गुणतो. टायर साडेचार टक्के मोठा केला की काटा १०० दाखवत असताना गाडी पूर्वीच्या १०० पेक्षा साडेचारने जास्त पळते. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. मूळ टायरवर काटा १०० आणि जीपीएस ९६ असेल, तर २०५/६५ वर दोन्ही जुळतील. मूळ काटाच नेमका असेल तर मात्र एक्सप्रेसवेवर १०० च्या मर्यादेत काटा ठेवूनही कॅमेऱ्यात १०४ लागतील. म्हणून आधी जीपीएसने तपासून घ्या. मोकळ्या आकाशाखाली, सरळ रस्त्यावर, वेग स्थिर ठेवून; बोगद्यात नको. वाचायचं काम शेजारी बसलेल्याने करावं. ओडोमीटर तपासायचा असेल तर रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड किंवा पाट्या धरून सलग १० किलोमीटर मोजा.

मोठ्या टायरवर अ‍ॅव्हरेज ‘पडतं’ त्यातला बराच भाग कागदावरचा असतो. ओडोमीटर ४०० दाखवतो तेव्हा गाडी ४१८ गेलेली असते. टाकी फुल ते टाकी फुल हिशेब १८ चा निघाला तर खरा १८.८ असतो. आधी १.०४५ ने गुणा, मग टायरला दोष द्या.

पिकअप मोजतानाही असाच चकवा आहे. बरेच जण तिसऱ्या गियरमध्ये ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते काट्यावर बघतात. मोठ्या टायरवर काट्याचे ४० ते ८० म्हणजे खरे ४१.८ ते ८३.६. रेटा साडेचार टक्के कमी आणि गाठायचा वेगही साडेचार टक्के जास्त, दोन्ही मिळून वेळ ९ टक्क्यांनी वाढलेली दिसते. खऱ्या फरकाच्या दुप्पट. मोजायचंच असेल तर जीपीएसच्या वेगावर मोजा, दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढा, एसी बंद, गाडीत तेवढीच माणसं, टायरमध्ये सारखी हवा.

आणि एक गोष्ट जी कोणी धरत नाही: झिजलेला टायर. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी. तिथवर झिजलेला टायर त्रिज्येत ६.४ आणि व्यासात जवळपास १३ मिमी लहान झालेला असतो, म्हणजे दोन टक्के. तुम्ही गोटा झालेल्या १६५/८० वरून कोऱ्या १८५/६५ वर आलात तर मापाच्या फरकाचा ०.३ आणि झिजेचा २ मिळून एकदम सव्वादोन-अडीच टक्क्यांचा फरक पडतो. कोऱ्या टायरचं लोळण घर्षणही झिजलेल्यापेक्षा जास्त असतं. ‘टायर बदलले आणि गाडी जड झाली’ ही तक्रार अगदी कंपनीच्याच मापाचे टायर टाकणारेही करतात, त्याचं कारण हे. तुलना करायची तर कोऱ्याशी कोऱ्याची करा.

थार_पिंपरी:

मध्येच घुसतोय, पण विषय तोच आहे. थार डिझेल, मूळ टायर २५५/६५ आर१८. त्यावर २८५/७० आर१७ टाकायचा विचार आहे. डिझेलला एवढा टॉर्क असतो, तिला फरक पडू नये ना?

फायनलड्राइव्ह:

मूळ व्यास ७८८.७, नवा ८३०.८. वाढ ५.३ टक्के. टॉर्क भरपूर असला तरी टर्बो डिझेलची अडचण वेगळी आहे. टर्बो भरायच्या खाली इंजिनात दम नसतो, आणि लांब झालेला गियर तुम्हाला नेमका त्या खालच्या पट्ट्यात जास्त वेळ ठेवतो. ताम्हिणीच्या वळणातून बाहेर पडताना सेकंडला १६०० वर असणारी गाडी त्याच वेगाला १५२० वर असेल. टर्बोच्या उंबरठ्यावर ते ८० फेरे बरेच असतात. त्यात हे टायर वजनानेही जड.

दगड-चिखलात ४एल (चारही चाकांना ताकद देणारा, खूप आखूड गियर) आहे, तिथे अडणार नाही. डांबरी रस्त्यावर मात्र ४एल हा उपाय नव्हे, कोरड्या डांबरावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि अ‍ॅक्सलमध्ये पीळ साठतो. पाचही टायर एकाच मापाचे आणि एकाच बनावटीचे ठेवा. पुढे-मागे व्यास वेगळा असेल तर फोर व्हीलमध्ये टाकल्यावर तोच पीळ पडतो, अगदी सरळ चालतानाही.

खरं गियरिंग परत आणायचं असेल तर क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधली फायनल ड्राइव्हची दातेरी जोडी) बदलावे लागतात, आणि तेही पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे एकाच रेशोचे. खर्चाचं आणि कसबी हाताचं काम आहे, पिनियनची खोली आणि बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) नीट बसला नाही तर आवाज सुरू होतो आणि दात जातात. आणखी एक, ब्रेकचं: डिस्क तीच राहते आणि चाकाची त्रिज्या वाढते, त्यामुळे पेडलवर तेवढाच पाय दिला तर जमिनीवर ब्रेक पाच टक्के कमी लागतो. हे स्विफ्टच्या २०५/६५ लाही लागू आहे.

सस्पेन्शन_संदीप:

वारजेकर, तुमच्यासाठी १८५/६५ आर१५ हाच पर्याय. याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी हेच माप द्यायची, त्यामुळे घासण्याचा किंवा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत मनाने बदल करण्यावरची बंदी) प्रश्न सहसा येत नाही. विमा कंपनीला अलॉय बसवल्याचं कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या.

रिम घेताना आकडे बघून घ्या. नाना पेठेत किंवा कुठेही गेलात तरी ‘स्विफ्टला बसते’ एवढ्यावर थांबू नका. चार बोल्ट, १०० मिमीचं पीसीडी (बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), मधलं भोक ५४.१ मिमी. भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारं कडं) हवी, नाहीतर रिम फक्त नटांवर मधोमध बसते आणि ८०-९० ला स्टीअरिंग थरथरतं. मग माणूस बॅलन्सिंग करत फिरतो. रिमची रुंदी साडेपाच इंच या टायरला योग्य. ऑफसेट, म्हणजे रिमची बोल्टची बैठक तिच्या मध्यरेषेपासून किती मिमी सरकलेली आहे तो आकडा, कंपनीच्या १५ इंची रिमवर छापलेला असतो, त्याच्या आसपासचाच घ्या. ऑफसेट फार कमी घेतला तर चाक बाहेर येतं, बेअरिंगवर ताण येतो आणि वळणावर मडगार्ड घासतं. फार जास्त घेतला तर टायर आत स्ट्रटला (सस्पेन्शनच्या दांड्याला) लागतो. स्पेसर (रिम आणि हबच्या मध्ये घालायची चकती) लावून जमवाजमव करू नका. नट १२ मिमीचे, १.२५ पिचचे (आट्यांमधलं अंतर); १.५ पिचचा नट जोर लावून फिरवला तर बोल्टचे आटे जातात. अलॉयच्या बैठकीप्रमाणे निमुळत्या तोंडाचे नट लागतात.

टायरवरचा लोड इंडेक्स (तो किती भार पेलतो याचा सांकेतिक आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. तुमचा मूळ ८५ असेल तर एका चाकाला ५१५ किलो. १८५/६५ आर१५ सहसा ८८ चा येतो, म्हणजे ५६० किलो. पुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. तेही खाली जाऊ देऊ नका.

बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढे-मागे गाडी हलवून बघा. मग मागे तीन माणसं बसवून एखाद्या स्पीड ब्रेकरवरून न्या. आत घासल्याची काळी रेघ दिसते का ते टॉर्च लावून तपासा.

वारजेकर:

ठरलं, १८५/६५ आर१५. शेवटचे दोन प्रश्न. स्टेपनी जुनीच १४ इंची राहिली तर चालेल का? आणि हवा किती ठेवायची?

मीटर_रीडिंग:

स्टेपनी चालेल, कारण व्यास जवळपास एकच आहे. बऱ्याच गाड्यांच्या वरच्या मॉडेलला कंपनीच १५ इंची अलॉय आणि १४ इंची स्टीलची स्टेपनी देते. स्टेपनीसाठी जुन्यांतला सगळ्यात कमी झिजलेला टायर ठेवा. व्यासात मोठा फरक असता तर पुढच्या दोन चाकांमधलं डिफरेन्शियल सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहिलं असतं आणि एबीएसला एक चाक घसरतंय असं वाटून दिवा लागला असता. १७५/६५ वर मूळ स्टेपनी लावली तर नेमकं हेच होण्याचा धोका आहे. आता स्टेपनी लागलीच तर शक्यतो मागे लावा. पुढचं पंक्चर असेल तर मागचं चाक पुढे आणि स्टेपनी मागे. स्टीलच्या रिमचे जुने चार नट डिकीत ठेवा, अलॉयचे नट तिथे बसतीलच असं नाही.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आहे. तिथे १८५/६५ आर१५ ची ओळ वेगळी असेल तर ती घ्या, नसेल तर आहे तोच आकडा. वाईला भरलेली गाडी नेताना पूर्ण भाराचा आकडा. हवा थंड टायरमध्ये तपासायची, म्हणजे गाडी उभी राहून निदान तीन तास झालेले असावेत. टायर तापल्यावर काटा जास्त दाखवतो म्हणून हवा सोडू नका. हवा कमी ठेवली तर लोळण घर्षण वाढतं, आणि एवढा हिशेब करून वाचवलेला पिकअप तिथेच जातो.

घेताना टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या कोडमधले शेवटचे चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. चारही टायर जवळपासच्या तारखांचे मागा. अलॉयचे नट गन लावून नव्हे, टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळून घ्या, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा, कारण नव्या अलॉयवर नटाची बैठक बसताना पकड थोडी सैल होते.